नव्वद वर्षांचं पथक आणि गप्प बसण्याची किंमत

 हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या.

आज आपण एका वाजवणाऱ्या पथकाचा इतिहास ऐकणार आहोत. हे पथक अमेरिकेतलं. नाव कॅडेट्स. १९३४ साली सुरू झालं आणि २०२४ साली बंद पडलं. म्हणजे नव्वद वर्षं चाललं. तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत त्याने दहा वेळा पहिला नंबर काढला. अशी पथकं तिथे शेकड्यांनी आली आणि गेली, पण इतकी वर्षं टिकलेली फार थोडी.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ढोल-बिगुलाशी आपलं काय देणंघेणं? सांगते. एखादी संस्था उभी कशी राहते, तिला बायकांचे हात कुठे कुठे लागतात, आणि ती मोडते कशाने, हे सगळं या एका गोष्टीत सापडतं. आपण गट चालवणाऱ्या बायका आहोत. आपल्या कामाची गोष्ट आहे ही.

ढोल आणि बिगूल

आधी हे पथक असतं कसं ते समजून घेऊ. बिगूल आपण ऐकलेला आहे. पोलिसांच्या संचलनात, २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला वाजतो तो. पितळेचा, तोंडाने फुंकायचा. साध्या बिगुलाला बोटांनी दाबायच्या कळा नसतात. ओठांच्या दाबावर जे चार-पाच सूर निघतील तेवढेच. जुन्या काळी फौजेत हुकूम द्यायला हेच साधन होतं. उठा, जेवायला चला, पुढे सरका, मागे फिरा, सगळं बिगुलावर आणि ढोलावर. लढाईच्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नाही, बिगुलाचा पोचतो.

पहिलं महायुद्ध १९१८ साली संपलं. लाखो अमेरिकन सैनिक घरी परतले. त्यांनी आपल्या संघटना बांधल्या. त्यातली एक मोठी म्हणजे १९१९ साली निघालेली अमेरिकन लीजन. गावोगावी तिच्या शाखा झाल्या. फौजेत वाजवायला शिकलेले हात होतेच. शाखांनी ढोल आणि बिगुलांची पथकं काढली, मग त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. हळूहळू गावातल्या पोरांचीही पथकं निघाली. कुठे चर्चने काढली, कुठे स्काउटने, कुठे पोलिसांनी. पोरं रस्त्यावर उनाडण्यापेक्षा ढोल बडवतील, शिस्त लागेल, असा साधा विचार.

या पथकांचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. एका जागी बसून ती वाजवत नाहीत. मोठ्या मैदानात वाजवत वाजवत कवायत करतात. रांगा होतात, रांगांचे गोल होतात, गोलांच्या चांदण्या होतात. सोबत झेंडे घेतलेली तुकडी असते. ती झेंडे फिरवते, उंच फेकते, पुन्हा झेलते. आपल्याकडचं लेझीम पाहिलं असेल तर अंदाज येईल. मात्र इथे सव्वाशे-दीडशे जण असतात, आणि प्रत्येकाचं पाऊल कुठल्या ठोक्याला कुठे पडायचं हे आधी कागदावर ठरलेलं असतं. दहा-बारा मिनिटांच्या त्या खेळासाठी अख्खा उन्हाळा सराव चालतो.

गिरणीच्या गावातलं पथक

कॅडेट्स पथक जन्मलं न्यू जर्सी राज्यातल्या गारफील्ड या छोट्या शहरात. पसेइक नदीच्या काठचा हा सगळा भाग लोकरीच्या गिरण्यांचा. पोलंड, इटली, हंगेरीसारख्या देशांतून पोटासाठी आलेली माणसं इथे राहायची. गिरणीत पुरुष होते तशा बायकाही होत्या. बाईला मजुरी पुरुषापेक्षा कमी. दिवसभर घर आणि मुलं सांभाळून कित्येक जणी रात्रपाळी करायच्या.

१९२५ साली तिथल्या एका मोठ्या गिरणीने मजुरीत दहा टक्के कपात केली. जानेवारी १९२६ मध्ये संप झाला. पसेइक, क्लिफ्टन, लोदी आणि आपलं हे गारफील्ड, चारही गावांतले मिळून पंधरा हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले. संप वर्षभराहून अधिक चालला. बायका मोर्चात पुढे होत्या, पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी खाल्ल्या. ही माणसं पिचलेली होती, पण एकत्र यायची सवय असलेली होती.

मग १९२९ नंतर महामंदी आली. गिरण्या थंडावल्या, हाताला काम राहिलं नाही. अशा दिवसांत, १९३४ साली, गारफील्डच्या होली नेम या कॅथलिक चर्चच्या आसऱ्याने तिथल्या मुलांचं पथक उभं राहिलं. चर्चच्या नावावरून त्याचं नाव पडलं होली नेम कॅडेट्स. कॅडेट म्हणजे फौजेत शिकाऊ असलेला पोरगा. पोशाखही तसाच. तांबूस तपकिरी आणि सोनेरी रंग, लष्करी शाळेतल्या विद्यार्थ्यासारखा कडक. हा पोशाख पुढे त्यांची ओळखच झाला.

गिरणी कामगाराच्या पोराला असा पोशाख घालून गावातून चालायला मिळणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. चाळीस, पन्नास आणि साठच्या दशकांत या पोरांनी माजी सैनिकांच्या राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा जिंकल्या. पन्नासचं दशक संपता संपता पथक चर्चपासून वेगळं झालं आणि गावाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, गारफील्ड कॅडेट्स.

हात बायकांचे

आता यात बायका कुठे होत्या? मैदानात नव्हत्या. सुरुवातीची पस्तीस वर्षं हे पथक फक्त मुलग्यांचं.

पण अशा पथकांचा संसार कोणाच्या जिवावर चालायचा ते बघा. पोशाख शिवायचे, उसवले की पुन्हा टाचायचे, वाढत्या पोरांच्या बाह्या सोडायच्या. झेंडे शिवायचे. पैसे जमवायला खाण्याचे स्टॉल लावायचे, गाड्या धुऊन द्यायच्या, संध्याकाळी बिंगो नावाचा आकड्यांचा खेळ भरवायचा. पुढे पथकं उन्हाळाभर देशभर फिरू लागली, तेव्हा सोबत स्वयंपाकाचा ट्रक जाऊ लागला. मुलं रात्री बसमध्ये झोपायची, नाहीतर वाटेतल्या शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर. सकाळी उठून पुन्हा सराव. दिवसातून चार वेळा दीडशे माणसांना खायला घालायचं आणि ट्रक पुढच्या गावाला न्यायचा. या कामात आया मोठ्या संख्येने होत्या, आणि त्या पगार न घेता राबायच्या. वडीलही असायचे. पण बैठकीत बसून ठरवणारे बहुतेक पुरुष आणि शिवणाऱ्या-शिजवणाऱ्या बहुतेक बायका, ही वाटणी तिथेही आपल्यासारखीच होती.

मुलींना वाजवायची हौस नव्हती असं मुळीच नाही. त्याच न्यू जर्सीत ऑड्युबन गावात फक्त मुलींचं पथक होतं, बॉन बॉन्स नावाचं. न्यूयॉर्कजवळच्या हिक्सव्हिलला सेंट इग्नेशियस हे मुलींचं पथक होतं. त्या मुली तेवढेच जड ढोल गळ्यात अडकवायच्या, तेवढेच मोठे बिगूल फुंकायच्या. तरीही नावाजलेल्या मोठ्या पथकांची दारं त्यांना बंद होती.

कॅडेट्सने ते दार साठचं दशक संपताना उघडलं. आधी मुली झेंड्यांच्या तुकडीत आल्या. मग बिगूल आणि ढोलही त्यांच्या हाती आले. काही पथकांनी मात्र मुलग्यांपुरतं राहणंच पसंत केलं. मॅडिसन स्काउट्स या नामांकित पथकाने मुलींना घ्यायचा निर्णय जाहीर केला तो २०१९ साली.

नियम कोणाचे

इथे गोष्टीला एक वळण आहे. ते नीट ऐका, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९७० पर्यंत मोठ्या स्पर्धा माजी सैनिकांच्या संघटना भरवायच्या. नियमही त्यांचेच. बिगूल कसा असावा, मैदानात पाऊल कुठून टाकावं, राष्ट्रध्वज कसा न्यावा, सगळं ठरलेलं. स्पर्धेआधी पोशाखाची तपासणी व्हायची. बुटाला पॉलिश नाही, बटण सैल आहे, गुण कापले. परीक्षक मैदानात मुलांच्या मधून फिरायचे आणि चूक दिसली की कागदावर एक खूण करायचे. प्रत्येक चुकीला एक दशांश गुण वजा. म्हणजे काय नवं केलं यापेक्षा काय चुकलं, हेच मोजलं जायचं.

पथकं चालवणाऱ्यांना हे जाचू लागलं. राबायचं आम्ही, उन्हात तापायचं आमच्या मुलांनी, आणि नियम, परीक्षक, बक्षिसाची रक्कम ठरवणार दुसरे. १९७१ साली पाच पथकांनी एकजूट केली. पूर्वेकडच्या पथकांनीही तसंच केलं, त्यांत गारफील्ड कॅडेट्स होतं. दोघांचं मिळून ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल ही नवी संघटना झाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी झाली. पथकांच्या हाती पथकांचे नियम आले.

याचं फळ चांगलं मिळालं. बिगुलाला १९७७ साली दोन कळा चालू लागल्या, १९९० साली तीन. म्हणजे कुठलीही चाल वाजवता येऊ लागली. चुका मोजून गुण कापायची पद्धत १९८३ च्या हंगामानंतर संपली. कवायतीत कल्पकता आली.

आणि या कल्पकतेत गारफील्ड कॅडेट्स सगळ्यांच्या पुढे गेलं. जॉर्ज झिंगाली नावाचा माणूस त्यांची कवायत रचायचा. आधीची कवायत म्हणजे सरळ रांगा, डावीकडे तसंच उजवीकडे. झिंगालीने रांगा वाकवल्या. एक आकार विरघळून दुसरा कधी झाला हे बघणाऱ्याला कळायचंही नाही. मुलं पळत पळत वाजवू लागली. १९८३ मध्ये मायामीला त्यांनी पहिल्यांदा ही नवी स्पर्धा जिंकली. ८४ आणि ८५ मध्ये पुन्हा जिंकली. लागोपाठ तीन वर्षं जिंकणारं ते पहिलं पथक. त्यानंतर १९८७, १९९० आणि १९९३. मग १९९८ आणि २००० ही दोन बरोबरीत, २००५ आणि २०११ पुन्हा एकट्याने. मोजा, दहा झाली.

पण माजी सैनिकांच्या हातून सूत्रं निघाली ती गेली कुठे? वाजवणाऱ्या मुलामुलींकडे नाही. शिवणाऱ्या, शिजवणाऱ्या आयांकडेही नाही. ती गेली पथकाच्या संचालकाकडे. कॅडेट्समध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक तरुण संचालक आला आणि तोच २०१८ पर्यंत राहिला. पस्तीस वर्षांच्या आसपास एकच माणूस. पथक चालवणारी मोठी संस्थाही त्याच्याच हाताखाली. कोणाला घ्यायचं, कोणाला शिकवायला ठेवायचं, पगार कोणाला किती, सगळं त्याच्याकडे. संचालक मंडळ होतं. पण जिंकून देणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला माणसं कचरतात. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण आपल्याला माणसापेक्षा त्याच्या भोवतीची व्यवस्था समजून घ्यायची आहे.

बातमी छापून आली

एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वर्तमानपत्राने एक मोठी बातमी छापली. या संचालकाने आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, असं नऊ स्त्रियांनी सांगितलं होतं. त्यातल्या काही जणी पूर्वी पथकात वाजवत होत्या, काही जणी संस्थेत नोकरीला होत्या. ज्या घटना त्या सांगत होत्या, त्या जवळजवळ चाळीस वर्षांत पसरलेल्या होत्या.

त्याने आरोप नाकारले. पण बातमी आली त्याच दिवशी राजीनामा दिला. काही दिवसांतच जुनं संचालक मंडळ पायउतार झालं आणि नवी माणसं आली. वर्षाच्या अखेरीला त्याच्यावर गुन्हाही दाखल झाला.

मैत्रिणींनो, ही बातमी ऐकली की पहिला प्रश्न काय येतो? ‘इतकी वर्षं या बाया का बोलल्या नाहीत?’ आपल्या गावातही हाच प्रश्न येतो. म्हणून जरा विचार करू.

पथकातली मुलं-मुली एकवीस-बावीस वर्षांच्या आतली. पंधरा-सोळा वर्षांच्याही असतात. महिनोन्महिने घरापासून लांब, बसमध्ये, सरावात. त्या पथकात जागा मिळावी म्हणून लहानपणापासून धडपडलेल्या. त्यांच्या जगात हा माणूस सगळ्यात मोठा. पुढे संगीत शिकवायची नोकरी हवी तर त्याचाच शब्द चालणार. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर करायची कोणाकडे? तक्रार घेणारा तोच, नाहीतर त्याच्या मर्जीतला. आणि समजा बोललीच, तर ऐकावं लागणार, ‘तुझ्या एकटीपायी एवढं नावाजलेलं पथक बुडवतेस का?’

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? संस्थेचं नाव खराब होईल. घराण्याची अब्रू जाईल. गट फुटेल. शब्द बदलतात, पण सांगणं एकच. तू गप्प बस.

शेवटचा हिशोब

२०१८ नंतर पथक लगेच बंद पडलं नाही. त्या उन्हाळ्यातही ते मैदानात उतरलं. नव्या माणसांनी कारभार हाती घेतला, पुढे संस्था नव्याने बांधली, मुक्काम पेनसिल्वेनिया राज्यातल्या ईरी शहरात हलवला. दरम्यान कोविडची वर्षं गेली. पथक पुन्हा उभं राहत होतं.

मग ऐंशीच्या दशकातल्या अत्याचाराबद्दल पथकाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला. घटना चाळीस वर्षांपूर्वीची, खर्च आजचा. कोर्टकचेरीचा वाढता खर्च पेलवत नाही, असं सांगून २६ जानेवारी २०२४ रोजी नव्या मंडळाने पथक बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी नव्वदावं वर्ष होतं. त्या उन्हाळ्यासाठी तयारी करत असलेल्या मुलामुलींना दुसरी पथकं शोधावी लागली. १९३४ साली गिरणीच्या गावात पेटलेली चूल विझली.

आता कोणी म्हणेल, बघा, बायकांनी तक्रारी केल्या आणि पथक बुडालं. वरवर तसं दिसतंही. पण सालं ओळीने मांडून बघा. ऐंशीच्या दशकात घडलेलं ऐंशीच्याच दशकात कोणी ऐकून घेतलं असतं, तर काय झालं असतं? दोषी माणूस गेला असता. कदाचित एखाद-दुसरं अजिंक्यपद हुकलं असतं. पथक राहिलं असतं. आणि त्यानंतर ज्या ज्या मुलींवर ते ओढवलं, त्या वाचल्या असत्या. झालं असं की ऐकून न घेण्याची थकबाकी साठत गेली. आपण गटात कर्जावरच्या व्याजाचा हिशोब मांडतो ना, तसंच हेही वाढत गेलं. आणि ते फेडलं कोणी? ज्यांनी दाबून ठेवलं, त्यांनी नाही. २०२४ साली हातात बिगूल घेऊन उभ्या असलेल्या मुलामुलींनी फेडलं, ज्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्याआधी त्या स्त्रियांनी फेडलं, आयुष्यभर एकट्याने.

म्हणून मी म्हणते, बोलणाऱ्या बाईने पथक मोडलं नाही. न ऐकणाऱ्यांनी मोडलं.

आपल्यापुरतं

हे ऐकून आपण काय करायचं? आपल्या देशात या बाबतीत कायदा आहे, आणि तो एका खेड्यातल्या बाईपासून सुरू झालेला आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करायच्या. एक बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या बोलल्या. त्यांच्या प्रकरणानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले, त्यांना विशाखा मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. त्यावरून २०१३ साली संसदेने कायदा केला.

या कायद्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची प्रमुख बाई, निम्म्याहून कमी नाही इतक्या सदस्य बाया, आणि एक सदस्य संस्थेबाहेरची. ही बाहेरची व्यक्ती फार महत्त्वाची. तिला मालकाची भीती नसते. दोन, जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शेतमजूर बाई, घरकाम करणारी बाई, सगळ्यांना तो रस्ता आहे. तीन, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चार, लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मूल अडचणीत असेल तर १०९८ आणि बाई अडचणीत असेल तर १८१ हे फोन आहेत. हे दोन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कायदा आपल्या जागी. पण रोजच्या कारभारातही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. गटात आपण बँकेचे पैसे एका सहीवर काढत नाही. का? कोणावर विश्वास नाही म्हणून नाही. विश्वास आहे तोवरच नियम करून ठेवायचा असतो, म्हणून. सत्तेचंही तसंच आहे. अध्यक्ष, सचिव ठरावीक मुदतीने बदलावेत. फार हुशार, फार कामाची बाई असली तरी बदलावी. कामाच्या माणसालाच प्रश्न विचारणं अवघड जातं, हे आपण आत्ता ऐकलं. तक्रार आली तर ती घेणारी बाई, जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिच्या जवळची नसावी. आणि तक्रार इतिवृत्ताच्या वहीत तारखेनिशी लिहावी. नाव झाकायचं तर झाका, पण तक्रार झाकू नका.

शिवाय आपली मुलं-मुली आता शाळेच्या बँडमध्ये, ढोल-ताशा पथकात, कबड्डीच्या संघात, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातात. जाऊ देत, जायलाच हवं. या गोष्टीतून कोणी ‘मुलीला पाठवूच नको’ असा अर्थ काढू नका. गारफील्डच्या मुलींनी ते दार मोठ्या मेहनतीने उघडून घेतलं होतं. मुलगी घरी बसवणं हा उपाय नाही. उपाय आहे आपण बैठकीला जाऊन बसणं. मुक्कामाला जाताना सोबत कोण आहे? मुलींच्या खोलीची सोय काय? काही झालं तर मुलीने प्रशिक्षकाला सोडून आणखी कोणाला सांगायचं? हे तीन प्रश्न पालकसभेत उभं राहून विचारा. चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग येणार नाही.

पुढच्या बैठकीत बोलायला तीन मुद्दे देते. आपल्या गटात किंवा ग्रामसंघात एकच व्यक्ती किती वर्षं एका पदावर आहे? तक्रार करायची झाली तर आपल्यातल्या सगळ्यात गरीब बाईला कोणाचं दार ठोठावता येईल? आणि आपल्या गावात शाळा, पथक, डेअरी, पतसंस्था अशा कुठल्या ठिकाणी बायका राबतात खूप, पण ठरवताना नसतात? तिसऱ्या मुद्द्यावर वेळ जास्त द्या. नावानिशी यादी करा. त्यातलं एक ठिकाण निवडा आणि तिथल्या पुढच्या सभेला दोघी-दोघी मिळून जा.